कीवर्ड रिसर्चसाठी एआय चॅटबॉट: शब्द विचारा, आकडे विचारू नका

लोक गूगलच्या चौकटीत जे शब्द टाइप करतात ते कीवर्ड, आणि त्यातल्या कुठल्या शब्दांवर लिहायचं हे ठरवणं म्हणजे कीवर्ड रिसर्च. एखादा कीवर्ड किती वेळा शोधला जातो तो त्याचा सर्च व्हॉल्यूम. आधी पाच मिनिटांचा एक प्रयोग करून बघा. तुमच्या नेहमीच्या चॅटबॉटला सांगा, ‘सायकल दुरुस्तीबद्दलचे वीस मराठी कीवर्ड तक्त्यात दे. पहिल्या कॉलममध्ये कीवर्ड, दुसऱ्यात महिन्याचा सर्च व्हॉल्यूम, तिसऱ्यात स्पर्धा.’ तक्ता येईल आणि देखणा येईल. आता ती चॅट बंद करा, नवीन उघडा आणि त्यातलेच पाच कीवर्ड देऊन पुन्हा आकडे मागा. जुन्या तक्त्याशी जुळले तर योगायोग समजा.

सरळ प्रश्न विचारला तर काही चॅटबॉट कबूल करतात की हा डेटा आपल्याकडे नाही. पण तक्ता मागितला की गाडी घसरते; रिकामा कॉलम त्यांना बघवत नाही. मी सुरुवातीला अशाच एका तक्त्यावर भिस्त ठेवून नऊ लेखांचा बेत आखला. लेख लिहिले, टाकले आणि तीन महिन्यांनी सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या शोधांत कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं, तर नवांपैकी सहा लेखांची इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत दिसण्याच्या वेळा, बोटांवर मोजण्याइतकी. ज्याच्यापुढे ‘४,४००’ असा झोकदार आकडा होता, तो शब्दप्रयोग कुणी टाइप केल्याची एकही नोंद दिसेना.

कारण साधं आहे. चॅटबॉटमागचं भाषा मॉडेल मजकूर वाचून शिकतं. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो, एकच अडचण लोक किती तऱ्हांनी मांडतात, हे त्याला छान कळतं. पण शोधाच्या चौकटीत कुणी काय टाइप केलं याची नोंद गूगलकडे असते, ती कुठल्या वेबपेजवर छापलेली नसते. चॅटबॉटला इंटरनेटवर शोधण्याची सोय असली तरी तो पानं वाचून येतो, ती नोंदवही नव्हे. तुम्ही त्याला एखादं एसईओ टूल (साइट शोधांत वर यावी म्हणून आकडे पुरवणारं साधन) जोडलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आकडा त्या टूलचा असतो, चॅटबॉट फक्त निरोप्या.

म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच वाटणीवर उभी आहे: शब्द सुचवणं, पसरवणं आणि लावून ठेवणं चॅटबॉटकडे, मोजणं बाहेर. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट यांपैकी कुठला वापरायचा यावर डोकं शिणवू नका. फाइल जोडता येते आणि लांब मजकूर पेलतो, एवढं पाहिलं तरी चालेल. उदाहरण म्हणून सगळीकडे सायकल दुरुस्तीची एक साइट धरली आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर शब्द बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

चॅटबॉट उघडण्याआधी

बहुतेकांचं काम पहिल्याच ओळीत बिघडतं: ‘माझ्या साइटसाठी शंभर कीवर्ड दे.’ काहीच हातात न देता मागितलं की चॅटबॉट सरासरी यादी देतो, आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्या शंभर जणांनाही जवळपास तीच देतो. तेव्हा आधी कच्चा माल गोळा करा. खऱ्या माणसांनी, त्यांच्याच शब्दांत विचारलेली तीस-चाळीस वाक्यं मिळाली की पुष्कळ झालं.

ती मिळतात कुठे? तुम्हाला आलेल्या ईमेलमध्ये, मेसेजमध्ये, व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये. फोनवर कुणी विचारलं तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायची सवय लावा. तुम्ही ‘सुधारून’ लिहिलंत की त्यातली कामाची गोष्ट निघून जाते. दुसरी खाण म्हणजे गूगलची चौकट. ‘सायकलची चेन’ टाइप करून थांबा आणि खाली उघडणाऱ्या सूचना उतरवा. मग एक जागा सोडून ‘क’ टाका, सूचना बदलतील. मग ‘ख’, ‘ग’. कंटाळवाणं आहे, पण या सूचना प्रत्यक्षात झालेल्या शोधांवरून येतात, त्यामुळे त्यांचं वजन वेगळं. निकालांच्या मध्येच ‘लोक हेही विचारतात’ असा प्रश्नांचा खण दिसला तर तोही घ्या.

साइट जुनी असेल तर सर्च कन्सोल सगळ्यात आधी. त्यातल्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांपर्यंतचा डेटा असतो: कुठल्या शोधाला तुमचं पान दिसलं, किती क्लिक, सरासरी पोझिशन (निकालांतला क्रमांक) काय. पडद्यावर १,००० ओळीच दिसतात, आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध खासगीपणासाठी वगळलेले असतात. तरीही तुमच्या साइटपुरता यापेक्षा भरवशाचा डेटा दुसरा नाही. एक्स्पोर्ट करून ठेवा.

एक काळजी मात्र घ्या. लोकांचे मेसेज चॅटबॉटमध्ये टाकण्याआधी नावं, फोन नंबर, पत्ते काढून टाका. सेटिंगनुसार तुमची संभाषणं मॉडेल शिकवण्यासाठी वापरली जाऊ शकतात. ती सेटिंग कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

पहिला प्रॉम्प्ट: माणसं बोलतात तसं

आता ती वाक्यं चॅटबॉटला द्या. माझा प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटबॉटला द्यायची सूचना, मी साधारण असा लिहिते:

> खाली सायकल चालवणाऱ्या लोकांनी विचारलेले ३५ प्रश्न आहेत, जसेच्या तसे. प्रत्येकातून (१) मूळ अडचण एका ओळीत, (२) त्यासाठी त्या माणसाने वापरलेले शब्द, हे वेगळं काढ. त्यांचे शब्द बदलू नकोस, शुद्धलेखन सुधारू नकोस, प्रमाण मराठीत आणू नकोस. सर्च व्हॉल्यूम किंवा स्पर्धेचे आकडे देऊ नकोस.

‘सुधारू नकोस’ ही सूचना गाळली की काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. एकाने विचारलं होतं, ‘गियर बदलला की सायकलची चेन सारखी पडते, काय करू’. चॅटबॉटने त्याचा कीवर्ड केला: ‘सायकल साखळी घसरण समस्या आणि उपाय’. व्याकरणात खोट नाही. पण सायकलच्या चेनला साखळी म्हणून कोण शोधतं? आणि ‘घसरण समस्या’ शाळेच्या प्रकल्पवहीत शोभते. तसंच ‘सर्वोत्तम सायकल साखळी वंगण’. हे तर इंग्रजी कीवर्ड उचलून प्रत्येक शब्दाचं भाषांतर करून ठेवलेलं आहे. माणूस टाइप करतो ‘सायकलच्या चेनला कोणतं तेल लावायचं’.

याचा उलटा दोषही येतो. मराठीच्या यादीत हिंदीचं पाणी शिरतं, ‘मरम्मत’, ‘ठीक कसे करावे’ असं काही डोकावतं. यादी आली की प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकसमोर उभं राहून तुम्ही हे वाक्य बोलाल का? नाही ना, मग खोडा. चॅटबॉटलाही सांगा की कुठल्या पाच ओळी खोडल्या आणि का; पुढची यादी लगेच सुधारते.

नाव माहीत नसलेल्या माणसाचा शोध

माझ्या मते चॅटबॉट सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे, त्यामुळे या पायरीला वेळ द्या.

नेहमीची कीवर्ड टूलं बहुतेक वेळा तुम्ही दिलेल्या शब्दाभोवतीच फिरतात. ‘बॉटम ब्रॅकेट’ टाकलंत तर ‘बॉटम ब्रॅकेट’ असलेले शोध मिळतील. पण ज्याच्या सायकलचा बॉटम ब्रॅकेट खराब झाला आहे त्या बिचाऱ्याला त्या भागाचं नावच माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की पेडल मारताना खालून कटकट आवाज येतोय. तो तेच टाइप करतो. त्याच्या वाक्यात तुमचा कीवर्ड औषधालाही सापडणार नाही.

भाषा मॉडेलला मात्र भागाचं नाव आणि तो बिघडल्यावर माणसं काय बोलतात यांचं नातं माहीत असतं. मेकॅनिकची आणि गिऱ्हाइकाची अशा दोन्ही भाषा त्याने वाचलेल्या असतात. म्हणून त्याला दुभाष्या करा:

> सायकलचे हे बारा भाग आहेत: [यादी]. प्रत्येक भाग झिजल्यावर, सैल झाल्यावर किंवा चुकीचा बसवल्यावर चालवणाऱ्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हाताला-पायाला काय जाणवतं ते लिही. भागाचं नाव माहीत नसलेला माणूस हे गूगलला कसं विचारेल, याची प्रत्येकी सहा वाक्यं दे. वाक्यात भागाचं नाव येता कामा नये.

शेवटची अट फार महत्त्वाची. ती घातली की ‘पेडल मारताना कटकट आवाज’, ‘सायकल एका बाजूला ओढते’, ‘ब्रेक लावला की किंचाळते’, ‘मागचं चाक डुलतं’ अशा ओळी येऊ लागतात. यातल्या काही चुकीच्याही असतील. आवाज एका भागाचा आणि दोष दुसऱ्याचा, असं चॅटबॉट बिनदिक्कत लिहितो. विषय तुम्हाला कळतो, म्हणून ही चाळणी तुम्हीच लावायची. ज्याला विषय कळत नाही त्याने ही यादी जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हीच युक्ती काळावरही चालते. एकाच माणसाचा प्रवास धरा. सायकल घ्यायच्या विचारात असलेला, कालच घेतलेला, पहिल्यांदाच रस्त्यात अडकलेला, स्वतः दुरुस्ती करून बघितलेला आणि काम आणखी बिघडवून बसलेला. या शेवटच्या माणसाला बहुतेक साइट विसरतात. ‘चेन बसवली पण आता गियर पडत नाही’ हा प्रश्न विचारणारा माणूस घाईत असतो, हात तेलकट असतात आणि त्याला नेमकं उत्तर हवं असतं. चॅटबॉटला विचारा, ‘आमच्या या लेखातल्या पायऱ्या करून पाहिल्यावरही जमलं नाही, तर वाचक पुढे काय शोधेल?’ लेखाचा मजकूरही सोबत चिकटवा. मला या एका प्रश्नातून जेवढे चांगले विषय मिळाले तेवढे दुसऱ्या कशातून नाहीत.

यादी दीडशे-दोनशे ओळींवर गेली की थांबा. त्यापुढे चॅटबॉट तेच शब्द उलटसुलट करून देत राहतो.

एक प्रश्न, पाच वेष

मराठीत काम करणाऱ्यांची ही वेगळी डोकेदुखी. कुणी ‘कसे’ लिहितं, कुणी ‘कसं’. ‘पंक्चर’, ‘पंचर’, ‘पन्चर’ तिन्ही चालतात. ‘दुरुस्ती’ मधला ‘रु’ किती जण दीर्घ लिहितात याची गणती नाही. पुष्कळ लोक मराठी वाक्य रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि तिथे ‘कशी’ लिहिताना कुणी एच घालतं, कुणी गाळतं. आकडे देवनागरीत की इंग्रजीत, हा आणखी एक फाटा.

हे सगळे वेष पाडून द्यायला चॅटबॉट उत्तम आहे. पक्क्या झालेल्या यादीतल्या पंचवीस-तीस मुख्य ओळी द्या आणि प्रत्येकीची देवनागरीतली पर्यायी रूपं, रोमन लिपीतली दोन-तीन रूपं आणि मराठी-इंग्रजी मिसळलेलं एक रूप मागा. हाताने करायला दुपार जाते, इथे मिनिटभर लागतं.

पण ही रूपं कशासाठी, ते नीट समजून घ्या. मोजण्यासाठी, लिहिण्यासाठी नाही. ‘पंक्चर’चं एक पान आणि ‘पंचर’चं दुसरं, असं करत बसू नका, लेखनातला असा फरक गूगल बहुतेक वेळा ओळखतं. फक्त मोजायला जाल तेव्हा एकाच रूपाचा आकडा बघून ‘हे कुणी शोधतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मागणी पाच रूपांत वाटली गेलेली असू शकते. कुठल्या रूपाकडे लोकांचा कल जास्त आहे हे कळलं की शीर्षकात तो शब्द वापरायचा, बाकी मजकूर तुमच्या नेहमीच्या शुद्ध मराठीत.

आता मोजमाप, बाहेर जाऊन

सर्च व्हॉल्यूम सांगणारं गूगलचं साधन म्हणजे कीवर्ड प्लॅनर. ते वापरायला गूगल ॲड्सचं, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेचं, खातं लागतं. जाहिराती चालू नसतील तर नेमका आकडा न मिळता ‘१०० ते १ हजार’ अशा ढोबळ पट्ट्याच बऱ्याचदा मिळतात. भाषा आणि ठिकाण आपल्या वाचकांनुसार निवडलं आहे ना, ते आधी बघा. त्यातला ‘स्पर्धा’ हा कॉलम जाहिरातदारांमधली स्पर्धा सांगतो. तुमचा लेख वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. ही गल्लत चॅटबॉटही करतो आणि अनुभवी माणसंही करतात. जवळची रूपं प्लॅनर एकत्र मोजतो, त्यामुळे दोन वेगळ्या शब्दांपुढे तंतोतंत तोच आकडा दिसला तर दोन्हींची बेरीज करू नका.

गूगल ट्रेंड्स संख्या देत नाही. ० ते १०० अशी सापेक्ष पट्टी देतं, आणि निवडलेल्या काळात शोध जिथे शिखरावर असतो तिथे १००. एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवता येतात. ‘पंक्चर’ की ‘पंचर’, हा वाद मिटवायला एवढं पुरतं, आणि एखादा विषय ठरावीक महिन्यांतच उसळतो का तेही दिसतं. एसईएम्रश, एचरेफ्ससारख्या एसईओ टूलांचे आकडे हे अंदाज असतात. दोन टूलांत फरक पडणारच. एका टूलमधल्या दोन शब्दांची तुलना करा, दोन टूलांमधल्या एका शब्दाची नको.

मराठीतल्या लांबलचक प्रश्नांपुढे पुष्कळदा काहीच आकडा येत नाही. म्हणून ते फेकून देऊ नका. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच न झालेले असतात, असं गूगल स्वतः सांगत आलं आहे. टूलमध्ये शून्य असलेली ओळ तुमच्या ईमेलमध्ये तीन वेळा आली असेल तर मी ईमेलवर विश्वास ठेवते.

आकडे मिळाले की ते शीटमध्ये कीवर्डच्या शेजारी भरा आणि मगच चॅटबॉटकडे परत या. इथे एक खबरदारी घेतली नाही तर सगळं मुसळ केरात जातं. १८० ओळी देऊन ‘वर्गीकरण करून दे’ म्हटलं की १७२ परत येतात, त्यातल्या काहींचं स्पेलिंग गुपचूप बदललेलं असतं, आणि मध्येच एखादी ओळ त्याने स्वतःची घातलेली असते. उपाय सोपा आहे. शीटमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि चॅटबॉटकडून कीवर्ड परत मागूच नका:

> जोडलेल्या फाइलमध्ये १८० ओळी आहेत. मला फक्त दोन कॉलम हवेत: ओळ क्रमांक आणि प्रकार. कीवर्ड पुन्हा लिहू नकोस. कुठलाही आकडा बदलू किंवा घालू नकोस. खात्री नसेल तिथे ‘?’ टाक. शेवटी किती ओळी झाल्या ते सांग.

आलेले क्रमांक शीटमध्ये व्हीलुकअपने (क्रमांक शोधून त्याची माहिती शेजारी आणणारं शीटचं सूत्र) जोडून टाका. कुठला क्रमांक गळला ते लगेच दिसतं, आणि कीवर्डला कुणाचा हात लागत नाही. ‘किती ओळी झाल्या’ या उत्तरावरही लगेच विसंबू नका. चॅटबॉट फाइल उघडून प्रोग्रॅम चालवून मोजत असेल तर ठीक. नुसतं वाचून सांगत असेल तर तुम्ही मोजा.

माणसाला नेमकं काय हवंय

शोधामागचा हेतू तीन प्रकारांत मांडायची पद्धत आंद्रेइ ब्रोडर यांच्या २००२ मधल्या शोधनिबंधापासून रूढ झाली: माहिती हवी, ठरावीक साइटवर जायचंय, किंवा काही काम उरकायचंय, म्हणजे खरेदी, डाउनलोड वगैरे. एसईओवाले त्यात चौथा घालतात, घेण्याआधीची तुलना. वरच्या प्रॉम्प्टमध्ये ‘प्रकार’ म्हणून हेच चार द्या. पहिली छाननी चॅटबॉट बरी करतो.

दुसरी तुम्ही करायची, आणि तीही खुद्द गूगलवर. इनकॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमच्या खात्याच्या जुन्या शोधांची छाया निकालांवर पडणार नाही. महत्त्वाचे वीसेक कीवर्ड एकेक करून टाका आणि पहिल्या पानावर काय आहे ते बघा. चॅटबॉटने ‘सायकल चेन’ला ‘माहिती’ असं लेबल लावलेलं असतं आणि पानभर विक्रीच्या साइट दिसतात. ‘चेन कशी बसवायची’ला वर सगळे व्हिडिओ असतील तर तुमचा दोन हजार शब्दांचा लेख कितीही चांगला असला तरी लोकांना हातांची हालचाल बघायची आहे, एवढा त्याचा अर्थ. मग लेखात व्हिडिओ घाला किंवा तो कीवर्ड सोडा. मे २०२४ पासून गूगलने निकालांच्या वर एआयचं तयार उत्तर द्यायला सुरुवात केली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं त्यासाठी अख्खं पान लिहावं का, याचा विचार हे पाहूनच करा.

कुठले शब्द एका पानावर

हे काम चॅटबॉटला द्यायचा मोह होतो, आणि निम्मं द्यायला हरकत नाही. तो गट पाडतो ते शब्दांच्या आणि अर्थाच्या जवळिकीवरून. ‘चेन पडते’, ‘चेन सुटते’, ‘चेन तुटली’ हे तीन त्याने माझ्याकडे एका गटात टाकले होते. पहिले दोन खरंच एक आहेत. तुटलेली चेन मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. तिथे गियरच्या सेटिंगचं काही नसतं, जोडायची की बदलायची हा प्रश्न असतो.

खात्री करायची असेल तर दोन्ही कीवर्ड गूगलमध्ये टाकून पहिले दहा निकाल शेजारी ठेवा. माझा ठोकताळा असा: चार किंवा जास्त पानं दोन्हीकडे तीच असतील तर एकच पान लिहायचं, एखाद-दुसरंच जुळत असेल तर दोन. निकालांचे पत्ते चिकटवून दिले तर ही जुळणी चॅटबॉट करून देतो. तुमच्या साइटवर आधीच असलेल्या पानांची यादीही त्याला द्या आणि विचारा, यातला कुठला गट जुन्या पानात मावेल. नाहीतर आपलीच दोन पानं एकमेकांचे पाय ओढत बसतात.

तीनशे कीवर्ड हातात आले म्हणून चॅटबॉटकडूनच तीनशे पानं पाडून घ्यायची कल्पना कुणी सुचवली तर कानावर हात ठेवा. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या नियमांत नेमकं हेच घातलं: वाचकाला उपयोग नसलेली, रँकिंगसाठी ढिगाने तयार केलेली पानं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

आणि जाता जाता: गट पाडताना चॅटबॉट न मागता काही सल्ले देतो. ‘मेटा कीवर्ड टॅग भरा’, ‘कीवर्डचं प्रमाण दोन टक्के ठेवा’, ‘हे एलएसआय कीवर्ड वापरा’. इंटरनेटवर वर्षानुवर्षं साचलेल्या अंधश्रद्धा त्यानेही वाचलेल्या आहेत. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी) रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं, आणि एलएसआय कीवर्ड (मुख्य शब्दाच्या अर्थाशी जोडलेले म्हणून सुचवले जाणारे शब्द) असं काही नसतंच, हे गूगलचे जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं.

पान टाकल्यावर

दोन-तीन महिने जाऊ द्या. मग सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचे शोध उघडा आणि पोझिशन ८ ते २० च्या दरम्यानच्या ओळी बघा. गूगल तुम्हाला या शोधांसाठी विचारात घेतंय, पण पान पुरतं उत्तर देत नाही, असा त्याचा साधारण अर्थ.

प्रश्नार्थक शोध वेगळे काढायला तिथे रेजेक्स (मजकुरातला ठरावीक साचा शोधायची खुणांची भाषा) फिल्टर आहे, आणि रेजेक्स लिहायला चॅटबॉट हुशार आहे. त्याला दोन गोष्टी आधी सांगा: सर्च कन्सोल आरई-२ पद्धतीचं रेजेक्स वापरतं, त्यामुळे लुकअहेड (पुढे काय येतं ते तपासणारी खूण) चालत नाही, आणि शब्द देवनागरीत आहेत, त्यामुळे नेहमीची शब्दसीमेची खूण कामाची नाही. हे न सांगता मी एकदा ‘कसे|कसं|का|किती’ असं टाकलं आणि ‘चाकाची हवा’वाले सगळे शोध प्रश्न म्हणून पुढ्यात आले, कारण ‘चाकाची’मध्ये ‘का’ आहे. त्याऐवजी असं लिहा:

> (^| )(कसे|कसं|कशी|का|किती|कोणतं|कोणते)( |$)

दोन्ही बाजूंच्या कंसात एकेक मोकळी जागा आहे, ती गाळू नका.

मागच्या वेळी या फिल्टरमधून एक ओळ निघाली: ‘उलटं पेडल मारलं की चेन का पडते’. पोझिशन १४. माझ्या लेखात उलट्या पेडलचा उल्लेखच नव्हता, चॅटबॉटच्या दोनशे ओळींतही नव्हता. ती ओळ जशीच्या तशी पहिल्या शीटमध्ये, लोकांच्या वाक्यांखाली, छत्तिसावी म्हणून टाकली आणि ‘नाव माहीत नसलेला माणूस’ हा प्रॉम्प्ट तिच्यापासून पुन्हा चालवला.